सल

मनात रुतून बसलेल्या, कुणालाच न सांगितलेल्या दुःखाला बाकीचा मराठी मुलूख सल म्हणतो. आमच्या सौसरकडे सल झाडावरही असते. संत्र्याची फांदी शेंड्याकडून वाळत खाली येते, पानं झडतात, उरते ती करडी काटकी. ती सल. वेळेवर काढली नाही तर फांदीवरून खोडाकडे उतरते आणि चांगलं वीस वर्षांचं झाड उभ्या उभ्या जातं.

माझे बाबा सल काढण्यात वाकबगार. आंबिया बहाराची फळं उतरली, व्यापाऱ्याच्या गाड्या गेल्या, की डिसेंबरात ते सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, घेऊन बागेत शिरत आणि त्यांच्यामागे बादली घेऊन माझा दादा. बादली प्लास्टिकची, कारण मोरचूद लोखंड खातं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. ते निळं मलम दादा ब्रशने प्रत्येक कापावर लावायचा. लहानपणी लावताना स्वतःच्या खरचटलेल्या गुडघ्यालाही लावून घ्यायचा आणि आईचा मार खायचा.

त्यानंतर बागेला ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचं. जमीन हलकी असेल तर महिनाभर, भारी काळी असेल तर दीड-दोन महिने. पानं मलूल होतात, काही गळतात, झाड वाढ थांबवून सगळा जीव आत ओढून घेतं. हा ताण झाडाला लागतोच, त्याशिवाय ते फुलत नाही. मग संक्रांतीच्या पुढेमागे ताण तोडायचा. पहिलं पाणी अगदी हलकं, त्याला आंबवणी म्हणतात. तीन-चार दिवसांनी दुसरं, चिंबवणी. एकदम भरपूर पाणी सोडलं तर झाड बावचळतं, नुसती पालवी फुटते. आणि ताण तोडायचाच राहिला तर झाडभर सल धरते. हे सगळं इतकं तपशिलाने सांगते आहे, कारण आमच्या घरात पुढे जे घडलं ते याच पाण्यापाशी अडलं होतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मध्य प्रदेशात पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि आमचं सौसर छिंदवाड्यातून निघून त्यात गेलं. त्याच महिन्यात दादा गेला. रात्री, सावनेरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या महामार्गावर, शेताच्या वळणाच्या थोडं अलीकडे, कापसाची ट्रॉली बिनदिव्याची उभी होती. दादा मोटारसायकलवर होता. अठ्ठावीस वर्षांचा. यापलीकडे त्या रात्रीबद्दल मला लिहिता येत नाही.

मृत्यूच्या दाखल्याचा कागद हातात धरून बाबा म्हणाले, "जन्म छिंदवाडा जिल्ह्यातला न मरण पांढुर्णा जिल्ह्यातलं." त्या पंधरा दिवसांत त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते एकच पूर्ण वाक्य.

दहाव्याला कन्हानच्या काठी पिंड ठेवला तर कावळा शिवेना. तासभर झाला. आपल्याकडे अशा वेळी गेलेल्याची इच्छा ओळखून कुणीतरी मोठ्याने शब्द देतं. सगळे बाबांकडे बघत होते. "बोला ना जी, काहीतरी बोला," गुरुजी म्हणाले. बाबांनी ओठ घट्ट मिटून घेतले. शेवटी काकांनी पुढे होऊन सांगितलं, "बाप्पा, बाग आम्ही वाळू देणार नाही." तेव्हा कुठे कावळा उतरला.

तेरवी झाली आणि माणसं पांगली. आपले तेरा दिवस फार शहाणपणाने बांधलेले आहेत असं मला वाटतं. रोज काही करायचं असतं, रोज कुणी येतं, चूल दुसऱ्याच्या घरी पेटते, रडण्याला जागा आणि वेळ मिळतो. पण चौदाव्या दिवसाचं काय करायचं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. आई रडायची, बोलायची, शेजारणीला धरून दादाच्या लहानपणच्या गोष्टी सांगायची. बाबा मात्र पहाटे बागेत जायचे ते अंधार पडल्यावर घरी. गावात त्यांचं कौतुक व्हायचं. "मोठ्या धीराचा माणूस. डोळ्यात पाणी नाही." मी नागपूरला शिकवते. रोज रात्री फोन करायचे, विचारायचे, "बाबा, जेवलात?" ते "हो" म्हणायचे. मी म्हणायचे, "स्वतःला सांभाळा." आणि फोन ठेवायचे. स्वतःला सांभाळणं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला तरी कुठे ठाऊक होतं.

पहिल्या जानेवारीत काकांनी ताण तोडला. दिलेला शब्द पाळला. दुसऱ्या जानेवारीत, म्हणजे २०२५ ला, काका मुलाकडे पुण्याला गेले होते. संक्रांत गेली. आईने दोनदा आठवण दिली. बाबा मोटारीच्या खोलीपर्यंत जायचे आणि परत यायचे. जानेवारी संपला. वाऱ्यावर पानं उडून दारात यायला लागली. रात्री तीनला बाबा खाटेवर उठून बसलेले असत. दर शनिवारी ते नि दादा पायी जामसावळीला जायचे, पिंपळाखाली निजलेल्या मारुतीच्या दर्शनाला. दादा गेल्यापासून बाबांनी त्या रस्त्याला पाऊल टाकलं नव्हतं. नातेवाईक आईला म्हणू लागले, "त्याईले बाहेरचं काही झालं असन. जामसावळीले न्या, मारुतीच्या नाभीचं तीर्थ पाजा." लांबलांबची माणसं मन हरवलेल्या आपल्या माणसाला त्या देवळात घेऊन येतात, महिना महिना राहतात. त्यांच्या श्रद्धेला मी हसणार नाही. कुणीतरी हात धरून नेतं, सोबत बसतं, हेसुद्धा औषधच आहे. पण बाबा जायलाच तयार नव्हते.

मग आईने पांढुर्ण्याला आत्याला फोन केला.

आत्या बाबांची मोठी बहीण. ती दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने आमच्याकडे यायची आणि तिसऱ्या दिवशी परतायची. लहानपणी आम्हाला वाटायचं, आत्या तान्ह्या पोळ्याला येते, आमचे लाकडी बैल बघायला. मोठी झाल्यावर कळलं की त्या दिवशी तिला पांढुर्ण्यात राहवत नाही. त्या दिवशी तिथे जाम नदीत गोटमार असते. पात्राच्या मधोमध पळसाचं झाड रोवून त्याला झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. दिवसभर दोन्ही काठांवरून दगड चालतात, आणि झाड तोडून आणलं की चंडीमातेला वाहतात. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी पळून जाताना नदीच्या मधोमध सापडले, दोन्हीकडून दगड आले आणि दोघं तिथेच मेली, अशी कथा सांगतात. प्रशासनाने एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, ते चाललं नाही. रुग्णवाहिका उभ्या असतात, पोलीस असतात, शेकड्याने डोकी फुटतात, आणि काही वर्षी कुणाचा तरी मुलगा घरी परत येत नाही. तशा घरांमध्ये तो दिवस सणाचा नसतो. आत्याचं घर त्यांतलं. तिचा थोरला मुलगा अठराव्या वर्षी तिथे गेला.

मला आठवतं तसं त्याचं नाव आमच्या घरात कधी घेतलं गेलं नाही. आत्याला त्रास होईल म्हणून आम्ही घेत नव्हतो. आम्हाला त्रास होईल म्हणून ती घेत नव्हती.

फेब्रुवारीत ती आली ती थेट बागेत गेली. मीही सुट्टी काढून आले होते. बाबा सिकेटर घेऊन सल काढत होते. पाणी सोडत नव्हते, पण सल काढत होते. आत्या बादली घेऊन त्यांच्यामागे उभी राहिली. दादाच्या जागी. बराच वेळ दोघं बोलले नाहीत.

मग तिने विचारलं, "वाळलेलं कापतं ते समजलं. पण हे दोन बोटं हिरवं काहून कापून रायला?"

"रोग हिरव्यात उतरला असते, बाई. वरून दिसत नाई. नुसतं वाळलं ते काढलं तर सल अजून खाली जाते."

आत्याने कापावर मलम लावलं. आणि मग तिने आपल्या मुलाचं नाव घेतलं. ते नाव मी इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. बाबांचा हात थांबला.

"बावीस वर्सं मी त्याचं नाव नाई घेतलं, भाऊ. छातीत कळ यायची. नागपूरले सगळ्या तपासण्या झाल्या, हार्ट चांगलं निघालं. एका डॉक्टरनं इचारलं, घरातलं कोणी गेलं का? तवा मी पहिल्यांदा रडली. त्यानं मले एका समुपदेशक बाईकडं पाठवलं."

बाबांना हे माहीत नव्हतं. आम्हाला कुणालाच नव्हतं. दर गुरुवारी आत्या पांढुर्ण्याहून रेल्वेने नागपूरला जायची, घरी "डोळ्यांचं औषध" म्हणून सांगायची. त्या बाईंनी तिला डोळे मिटून तो दिवस पहिल्यापासून सांगायला लावला, आत्ता घडतो आहे असा. सकाळी त्याला काय वाढलं, तो कोणता शर्ट घालून गेला, निरोप कोणी आणला. ते बोलणं फोनमध्ये भरून घेतलं आणि घरी रोज ऐकायला सांगितलं. "पहिल्यांदी वाटलं, ही बाई माह्या जखमेत बोट घालून रायली. आठव्या-नवव्या खेपेले समजलं, का त्या दिवसाच्या अलीकडंबी अठरा वर्सं हायेत. मी तर ते इसरूनच गेली होती. त्याचा जन्म, त्याचं चालणं, भज्याच्या पिठात बोट घालून चाटणं. सगळं त्या एका दिवसाखाली दबलं होतं." मग बाईंनी तिला नदीच्या पुलापर्यंत जायला सांगितलं. आधी पुलाच्या अलीकडच्या दुकानापर्यंत. पुढच्या आठवड्यात पुलावर. आणि रोज एक गोष्ट स्वतःसाठी. आत्याने केसांना तेल लावायचं ठरवलं. मुलगा गेल्यापासून तिने तेल लावून नीट वेणी घातली नव्हती.

मी नंतर याबद्दल वाचलं. कोलंबिया विद्यापीठातल्या कॅथरीन शिअर यांनी अशा दुःखासाठी सोळा बैठकांची पद्धत बांधली आहे, आत्याकडून करून घेतलेलं बरंचसं त्यातलंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जानेवारी २०२२ पासून लांबलेल्या शोकाला स्वतंत्र जागा आहे: सहा महिन्यांहून अधिक काळ दुःख तितकंच धारदार राहिलं आणि रोजचं जगणं अडलं तर. शोकाला आजार म्हणणं मला आधी खटकलं. मग बाबांच्या बागेकडे पाहिलं. ताण हा काही रोग नव्हे, तो झाडाला लागतोच. माणूस गेल्यावर महिनोन् महिने रडू येणं, जेवण न जाणं, कामात लक्ष न लागणं यालाही रोग म्हणायचं कारण नाही. बहुतेकांचा ताण आपल्या माणसांच्या सोबतीने तुटतो. काहींचा तुटत नाही, आणि त्यांना "धीर धरा" म्हणणं म्हणजे वाळत्या झाडाला आणखी ताण देणं आहे.

बागेत आत्या बोलायची थांबली. बाबा खाली बसले, ओल नसलेल्या मातीत.

"बाई, मीच त्याले फोन केला होता."

"कोणता फोन?"

"त्या रात्री. लाईन आली होती. थ्री फेज. म्हटलं, लवकर ये, लाईन आली, पाणी लावायचं हाय. लवकर ये म्हटलं मी त्याले."

शेतात वीज पाळीने येते, बहुतेक रात्री. ती आली की धावायचं असतं, कारण कधी जाईल सांगता येत नाही. आमच्या घरात "लाईन आली" हे दिवसातून एकदा तरी बोललं जाणारं वाक्य. सोळा महिने बाबांना ते म्हणवत नव्हतं. सोळा महिने ते स्टार्टरच्या हिरव्या बटणाला हात लावू शकले नव्हते. आम्ही समजत होतो त्यांचं बागेवरचं मन उडालं.

मला वाटलं होतं आत्या म्हणेल, तुझी चूक नाही रे. ती तसं म्हणाली नाही. तिने विचारलं, "मग तो काय म्हणे?"

बाबांना सांगायला वेळ लागला. "म्हणे, आलोच बाबा."

आणि ते रडले. आईला मी घरातून बोलावून आणलं. आम्ही तिघी तिथेच मातीत बसून राहिलो, संध्याकाळ होईपर्यंत. कुणी त्यांना पाणी प्या म्हटलं नाही, की पुरे आता म्हटलं नाही.

त्या रात्री मी १४४१६ लावला. टेली मानस नावाची मानसिक आरोग्याची ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. पैसे पडत नाहीत, दिवसरात्र लागते, आणि कोणत्या भाषेत बोलायचं ते निवडता येतं. या शेवटच्या गोष्टीचं मोल आमच्याकडच्या माणसाला विचारा. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. आमची कचेरी, जमिनीचा खसरा, दाखले, सगळं हिंदीत. हिंदी आम्हाला चांगली येते. पण लेकरू गेल्याचं दुःख हिंदीत सांगायचं म्हटलं की माणूस अर्जातल्यासारखं बोलतो. बाबांनी पहिली दहा मिनिटं फोनवरच्या मुलीला फक्त बागेची हकीकत सांगितली. तिने ती ऐकून घेतली. मग तिने दादाचं नाव विचारलं.

पुढे ते आत्याच्याच समुपदेशक बाईंकडे जाऊ लागले. आत्या पांढुर्ण्याहून रेल्वेने यायची, ते सौसरहून बसने, आणि नागपूरला माझ्या घरी दोघं जेवायची. तिथे आत काय होतं ते बाबा सांगत नसत, आम्ही विचारत नसू. दोनच गोष्टी त्यांनी आईला सांगितल्या. एकदा बाईंनी विचारलं, लाईन आली म्हणून मुलाला आजवर किती फोन केले असतील? बाबांनी हिशेब मांडला, दहा वर्षांचा. शेकड्याने. प्रत्येक वेळी तो आला होता, जेवला होता, झोपला होता. दुसरी गोष्ट उन्हाळ्यातली. बाईंनी समोर रिकामी खुर्ची ठेवली आणि त्याच्याशी बोला म्हटलं, मग खुर्ची बदलून त्याच्या बाजूनेही बोला म्हटलं. "तो म्हणे, बाबा, तुमी फोन नसता केला तरी मी घरीच येत होतो," बाबांनी आईला सांगितलं. आणि ताट ओढून जेवायला बसले.

बागेचं सांगायचं राहिलं. बाबा बागेत रडले त्याच्या दुसऱ्या दिवशी लाईन आली तेव्हा बटण आत्याने दाबलं. बाबा धुऱ्यावर उभे राहून ओरडत होते, "हलकं, बाई, हलकं! आंबवणी हाय!" चार दिवसांनी चिंबवणीला ते मोटारीच्या खोलीच्या दारात उभे होते. तिसऱ्या पाण्याला आत गेले, पण बटण आईने दाबलं. पाचव्या की सहाव्या पाण्याला त्यांनी स्वतः दाबलं आणि लगेच बाहेर येऊन पाटाकडे पाठ करून उभे राहिले. तो बहार बहुतेक गेलाच. उशिरा थोडी फुलं आली, त्यांतलीही गळली. काही झाडं इतकी सलली होती की काढून टाकावी लागली. त्या खड्ड्यांत पावसाळ्यात रंगपूर लिंबावरची नवी कलमं लावली. त्यांना फळ यायला पाच-सहा वर्षं लागतील. बाबा रात्री अजूनही उठतात. पण उठले की आता आईला उठवतात. शनिवारी जामसावळीला जातात, आईला घेऊन, अर्ध्या वाटेत चहा पिऊन.

त्या वर्षी पोळ्याला आत्याचा फोन आला, मी येत नाही, म्हणून. बाबाच पोळ्याच्या संध्याकाळी बसने पांढुर्ण्याला गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे, दगड सुरू व्हायच्या कितीतरी आधी, दोघं भावंडं जाम नदीच्या काठी जाऊन बसली. पळस रोवून झाला होता. आत्याने केसांना तेल लावलं होतं, असं बाबा म्हणाले. ऊन वर आलं तशी ती घरी परतली, दार लावून घेतलं आणि तिने भजी तळली. दिवसभर दोघं तिच्या मुलाबद्दल बोलत बसली. बाहेरचा आवाज ऐकू येत होता, म्हणाले, पण आम्ही बोलत होतो.

इकडे पंधरा दिवस पावसाने उघाड दिली होती, झाडांवर उरलेली फळं पाणी मागत होती. मी त्या दिवशी आईजवळ होते. रात्री आठच्या सुमारास फोन वाजला. मी स्पीकर लावला. पलीकडे आधी थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला.

"लाईन आली का?" बाबांनी विचारलं.

आईने माझ्याकडे पाहिलं. "आली. मी लावते पाणी. तुमी सकाळी या, उजेडाचे."